बाटली फेकू नका, ताई

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, बारावी कॉमर्सला आहे. आठशे मीटर पळतो, यंदा जिल्ह्यात दुसरा आला. रोज पहाटे कात्रजहून सणस मैदानावर जातो. परवा त्याची बॅग धुवायला काढली, तर आत सिरिंज आणि लेबल खरवडलेली छोटी बाटली निघाली. ‘व्हिटॅमिन आहे, जिममधल्या दादाने दिलंय, सगळेच घेतात,’ म्हणाला. राज्य स्पर्धेत पदक आलं की सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्क्यांत नंबर लागतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. मैदान बंद करून त्याला बँकेच्या परीक्षांच्या मागे लावू का?
– एक आई, कात्रज

उत्तर : ताई, बाटली अजून फेकली नसेल तर फेकू नका. डब्यात बंद करून ठेवा आणि याच आठवड्यात मुलाला घेऊन चांगल्या एमडी डॉक्टरांकडे जा. कोचशी नंतर बोलू. व्हिटॅमिनच्या बाटलीचं लेबल कुणी खरवडत नाही. जिमच्या आसपास जी इंजेक्शनं फिरतात, त्यातलं एक मेफेंटरमाइन. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर तो वर आणायचं हे औषध. घेतलं की थकवा कळत नाही, छाती मात्र धडधडत सुटते आणि पुढे सवय लागते. दुसरं स्टेरॉइड. या वयात त्याने हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते. एकच सुई दोघातिघांनी वापरली होती का, हे डॉक्टरांसमोर विचारा. घरात विचारलंत तर ‘नाही’ हेच उत्तर मिळेल.

‘सगळेच घेतात’ हे मात्र उडवून लावू नका. सगळे घेत नाहीत, पण पुष्कळ घेतात, आणि हे त्यालाही माहीत आहे. खेळातली उत्तेजकं रोखणारी जागतिक संस्था ‘वाडा’च्या २०२२च्या आकड्यांत भारताचे ३,८६५ नमुने तपासले गेले, त्यातले १२५ दोषी निघाले. मोठ्या संख्येने तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त. सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत ‘नाडा’चे, म्हणजे उत्तेजकांची तपासणी करणाऱ्या आपल्या राष्ट्रीय संस्थेचे अधिकारी आल्याचं कळताच मुलं मैदानातून पसार झाली आणि शंभर मीटरच्या फायनलला एकच धावपटू उरला. हा किस्सा त्याला जरूर सांगा. हसेल, पण लक्षात ठेवेल.

त्याचं नोकरीचं गणित इथेच चुकतं. नाडाची माणसं ज्युनिअर स्पर्धांनाही येतात. नमुना दोषी निघाला की त्या स्पर्धेतलं पदक जातं, म्हणजे ज्या कागदासाठी हा खटाटोप, तोच कागद रद्द. वर स्टेरॉइडसाठी चार वर्षांपर्यंत बंदी. ‘दादाने दिलं, मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच. २०१९मध्ये क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर आठ महिन्यांची बंदी आली ती टर्ब्युटालिन या बंदी असलेल्या औषधामुळे, आणि ते आलं होतं खोकल्याच्या औषधातून. तेव्हा यापुढे सर्दीच्या गोळीसाठीही ‘मी खेळाडू आहे’ असं डॉक्टरांना आधी सांगायची सवय लावा.

आता तुमचा प्रश्न. बँकेच्या परीक्षेला पदवी लागते, म्हणजे तो रस्ता तसाही तीन-चार वर्षं लांब आहे. त्यासाठी आज मैदान बंद करायचं कारण नाही. उलट मैदान सुटलं तर मुलाचं सगळं जग त्या जिमपुरतं उरेल, ही मला जास्त मोठी भीती वाटते. बंद करायची ती जिम.

शिवाय पाच टक्क्यांवाचून त्याच्या पळण्याला किंमत नाही, असं कुठे आहे? पोलीस भरतीत पन्नास गुण मैदानाचे, शंभर लेखीचे. मैदानाच्या पन्नासात वीस गुण सोळाशे मीटरचे आणि पंधरा शंभर मीटरचे. आठशे मीटरच्या मुलासाठी हे घरचंच मैदान! उरलेले पंधरा गोळाफेकीचे, तेवढी तयारी करावी लागेल. घोडं अडतं ते लेखीच्या शंभरात. माझ्याकडे येणारी बहुतेक पळणारी मुलं गणित आणि मराठी व्याकरणात मार खातात, आणि त्याला बाजारात इंजेक्शन मिळत नाही. रोज दीड तास त्यासाठी काढला तर फरक पडेल. कॉमर्सच्या पदवीनंतर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून कोचिंगची पदविका, हाही चांगला रस्ता आहे. फिजिओथेरपीचं नाव कुणी सुचवेल, पण त्याला बारावी सायन्स लागतं. तो विषय सोडून द्या.

कोचना डॉक्टरांच्या भेटीनंतर भेटा आणि त्यांना या दादाबद्दल माहीत होतं का, एवढंच विचारा. ‘थोडंफार चालतं हो’ असं म्हणाले, तर त्या दिवसापासून कोच बदला. सणसवर आणखीही माणसं शिकवतात.

ह्यांना सांगायचं ते मुलगा समोर असताना, आणि रात्रीचं जेवण झाल्यावर. जेवणाआधी नको.