मुलंच सगळं करणार, तर बाईंनी काय करायचं?

शाळा सुरू झाल्या की कर्नाटकात बेळगावकडच्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बालवाडीच्या बाई माझ्याकडं एकच काळजी घेऊन येतात. २०२० च्या शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा ठरवला. खेळातून शिकणं, मुलानं आपलं काम आपण निवडणं, हे सगळं प्रशिक्षणात पटतं. वर्गात पाऊल टाकलं की मात्र पोटात गोळा येतो. ‘एवढीशी पोरं, त्यांना काय कळतंय?’

त्यातल्याच एका बाईंची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदललेत. नोकरीत मुरलेल्या बाई, पण झोप उडालेली, डोकं सतत ठणकायचं.

“मॅडम, माझा वर्ग चिडीचूप असायचा. हेडमास्तर कौतुक करायचे. आता नुसता बाजार भरलाय.”

“आणि मुलं?”

“ती मजेत हाईत. त्रास मलाच.”

हे शेवटचं वाक्य मी मनात टिपून ठेवलं. उपदेश केला नाही, एक काम दिलं. रोज थोडा वेळ हात मागं बांधून नुसतं बघायचं आणि दिसलं ते वहीत लिहायचं. ‘हट्टी’, ‘हुशार’, ‘आळशी’ हे शब्द वर्ज्य.

पहिली पानं तक्रारींनीच भरली. मग एक दिवस त्यांनी वाचून दाखवलं. एका मुलाच्या स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. त्यानं ओढलं, निघेना. बाईंकडं बघितलं. बाईंचे हात मागं. मग तो खाली बसला, डबा गुडघ्यांत दाबला, शर्टाचं टोक झाकणावर धरून कडेकडेनं उचकटत राहिला. झाकण निघालं, पोहे सांडले. ते वेचून त्यानं खायला सुरुवात केली. त्याच पानावर खाली, कन्नड बोलणारा एक नवा मुलगा “नीरु, नीरु” म्हणून रडत होता. बाई उठायच्या आत एक चिमुरडी म्हणाली, “बाई, त्याला पाणी पायजे म्हणूलाय,” आणि स्वतःच घेऊन गेली.

“बरं वाटलं असेल,” मी म्हटलं.

“खोटं कशाला सांगू? राग आला.”

“कशाचा?”

बराच वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. “डबा उघडणाऱ्या त्या पोरानं परत माझ्याकडं बघितलंच नाही हो. मग मी तिथं कशाला?”

गाठ इथं होती. मी आल्फ्रेड ॲडलर या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांत वाढलेली. आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत असं मुलाला वाटावं लागतं, तसं बाईंनाही. इतकी वर्षं झाकणं उघडून देण्यातच त्यांनी आपली किंमत मोजली होती. हे त्यांचं त्यांना सापडलं, माझ्या तोंडून नाही, याचं मला आजही समाधान आहे.

“पण तो एवढा वेळ खटपट करू शकला, ते कुणामुळं?”

त्या हसल्या. “पोहे सांडले तरी मी ओरडले नाही.”

तेव्हा बायांनो, एका रात्रीत सगळा वर्ग पालटायला जाऊ नका. पाण्यापासून सुरुवात करा. छोटा तांब्या, तोही अर्धाच भरलेला, शेजारी फडकं. कसं ओतायचं ते एकदा सावकाश, न बोलता दाखवा आणि बाजूला व्हा. ‘वही कोरी का?’ म्हणून पालक भांडायला येतील. त्यांना सांगा, या वयात मनगटाची हाडं अजून पुरती तयार नसतात. माती मळणं, मणी ओवणं ही लिहिण्याचीच तयारी आहे. खानापुरात मातीला काय तोटा! आणि हे दिल्लीहून आलेलं नवं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीत, पुढं कोसबाडला, खेड्यातल्या मुलांबरोबर हेच करत होत्या.

घरी मराठी आणि अंगणवाडीत कन्नड, यानं मूल गोंधळत नाही. कधी शब्दांची सरमिसळ होईल, होऊ द्या. कुणाशी काय बोलायचं ते पोरं बरोबर ओळखतात. मात्र विश्वास म्हणजे कानाडोळा नव्हे. तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

त्या बाईंना आता झोप लागते. वही चालू आहे, पालकसभेत त्या त्यातलीच पानं वाचून दाखवतात. हजेरीचं काम मात्र अजून कुणा मुलाला दिलेलं नाही, ते त्या स्वतःच करतात. मीही आग्रह धरला नाही.