इन्स्टाग्राम खातं चोरीला गेलंय? कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, आणि फोन फॉरमॅट तर मुळीच मारू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. शुक्रवारी रात्री ईमेल बदलला, सकाळपर्यंत मोबाइल नंबर गेला, चोराने स्वतःचं टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप) लावलं. आता तो तुमच्या नावाने गिऱ्हाइकांना गुंतवणुकीचे मेसेज धाडतोय आणि खातं परत द्यायला पाच हजार मागतोय. फराळाच्या सगळ्या ऑर्डरी त्याच खात्यावर. शेवटी तुम्ही विचारलंय, "कस्टमर केअरचा नंबर आहे का कुणाकडे?" काही वर्षांपूर्वी मीही अगदी हेच विचारत फिरत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या साध्या खातेदाराला फोन करता येईल असा नंबर नाही. गूगलवर, नकाशावर, प्रश्नोत्तरांच्या साइटवर जे 'टोल फ्री' नंबर दिसतात ते सगळे ठगांचे. त्यांची रीत ठरलेली असते. आधी 'नोंदणीचे' पाच-दहा रुपये यूपीआयने मागायचे, मग स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावायचं आणि तुम्ही बँकेचं ॲप उघडलंत की पिन बघायचा. या पोस्टखालीही कुणीतरी लिहील, "अमुक दादांनी माझं खातं दोन तासांत मिळवून दिलं, त्यांना मेसेज करा." तो त्यातलाच, ब्लॉक करा. चोराला पाच हजार देऊ नका. पैसे मिळाले की तो पुढचा आकडा सांगतो.

आधीच सांगते, मी वकील नाही आणि इन्स्टाग्राम-फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीतली तर नाहीच. पडद्यावरची बटणं आणि त्यांची नावं सारखी बदलतात, तेव्हा शब्द तंतोतंत जुळले नाहीत तर अर्थ लावून पुढे जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय की भाचा म्हणतोय, "फोनमध्ये व्हायरस असेल, फॉरमॅट मारून टाकू." कृपा करून त्याला थांबवा. माझं सगळ्यात मोठं नुकसान याच एका गोष्टीने झालं. एका कार्यालयात तक्रार द्यायला गेले, तर खिडकीवरच्या माणसाने कागद हातातही न घेता सांगितलं, "आधी फोन फॉरमॅट करून आणा." मी केला, आणि त्यापायी सात आठवडे गेले. खातं परत देताना कंपनीचं यंत्र बघतं की मागणारा नेहमीच्याच फोनवरून, नेहमीच्याच जागेवरून येतोय का. ती ओळख बरीचशी फोनमधल्या ॲपमध्ये साठलेली असते. फॉरमॅट मारला, ॲप काढून पुन्हा टाकलं किंवा त्याचा डेटा पुसला, की तुम्ही त्या यंत्राच्या लेखी परके ठरू शकता. चोर परका आणि तुम्हीही परक्या, मग खरं कोण हे यंत्राने ठरवायचं कसं?

म्हणून ॲप आहे तसं राहू द्या. घरच्याच वायफायवर बसा, व्हीपीएन (आपली जागा लपवणारं ॲप) असेल तर बंद करा. जुना फोन कपाटात पडला असेल तर चार्ज करून बघा. मुलांचा टॅब, दुकानातला संगणक, जिथे जिथे कधी लॉगिन केलं होतं ते सगळं तपासा. कुठेतरी खातं अजून उघडं सापडतं. चोराने सगळीकडून लॉगआउट केलेलं असलं तरी ते ओळखीचं यंत्र कामाला येतं. अपवाद एकच. व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी) तुम्ही फोनमध्ये टाकली असेल, तर आधी बँक सांभाळा. फोन फ्लाइट मोडवर टाका, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला आणि ते ॲप काढा. तरीही पूर्ण फॉरमॅट शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

पुढचं काम जीमेलचं. इन्स्टाग्रामच्या खात्याआधी ते. चोर जीमेलमध्येही शिरला असेल तर तुम्ही मागवलेला प्रत्येक कोड तोही वाचणार. पासवर्ड बदला, आणि सेटिंगमध्ये जाऊन 'फिल्टर' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन्ही भाग उघडून बघा. इन्स्टाग्रामकडून आलेलं पत्र आपोआप कचऱ्यात टाकणारा फिल्टर चोर लावून ठेवतो. बहुतेकांच्या हे लक्षातच येत नाही आणि ते म्हणतात, "मला मेल आलाच नाही." आलेला असतो. स्पॅम आणि ट्रॅश दोन्हीकडे शोधा, तिथली पत्रं ३० दिवस राहतात. जीमेलचाच रिकव्हरी नंबर चोराने बदलला असेल तर बदलापासून सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवरून खातं परत मिळवायची सोय गूगलने ठेवली आहे, म्हणून त्यात दिवस घालवू नका.

शोधायचं ते पत्र म्हणजे 'तुमचा ईमेल बदलला' हे. ते जुन्या पत्त्यावर येतं आणि त्यात 'हा बदल मी केलेला नाही' अशा अर्थाची लिंक असते. ती चालली तर पुढचं निम्मं काम वाचतं. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचा. 'ॲट'च्या पुढे मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम एवढंच हवं. मध्ये सपोर्ट, हेल्प, मेटा-केअर असली शेपटं लावलेली दिसली तर हात लावू नका.

लिंक मेलेली असेल तर ब्राउझरमध्ये इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड उघडा. तुमचं यूझरनेम बदललं असेल तर मैत्रिणीच्या फोनवरून जुन्या चॅटमध्ये जाऊन आताचं नाव काय आहे ते बघून घ्या. चुकीच्या नावाने अर्ज गेला तर तो भलत्याच खात्याचा होतो. संपर्कासाठी ईमेल मागतील तिथे चोराला ठाऊक नसलेला नवा पत्ता द्या.

तिथे एक प्रश्न येतो. खात्यावर तुमचे स्वतःचे फोटो आहेत का? घरगुती धंद्यावाल्या बायका इथेच अडकतात, कारण खात्यावर चकल्या आणि करंज्या दिसतात, स्वतःचा चेहरा कुठेच नाही. फोटो असतील तर व्हिडिओ सेल्फी मागतात आणि ती खात्यातल्या फोटोंशी ताडून बघतात. फोटो नसतील तर खातं काढताना दिलेला मूळ ईमेल किंवा नंबर आणि तेव्हा वापरलेल्या फोनचा प्रकार विचारतात. नसताना 'आहेत' म्हणू नका, सेल्फी कशाशीच जुळणार नाही. आणि मूळ ईमेल म्हणजे आत्ताचा नाही, अगदी पहिल्या दिवशीचा. घाई न करता आठवा.

व्हिडिओ सेल्फी फेटाळली जाण्याची कारणं साधी असतात. स्वयंपाकघरात वापरल्या जाणाऱ्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर पिठाचा आणि तेलाचा हात लागून पापुद्रा बसलेला असतो. तो सुती कापडाने पुसा. सकाळी खिडकीकडे तोंड करून बसा, खिडकी पाठीमागे नको. चष्मा काढा, पदर किंवा ओढणी कानामागे घ्या, केस कपाळावरून मागे. फोन डोळ्यांच्या रेषेत धरा, मांडीवर नको. मग पडदा सांगेल तशी मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, सावकाश वळवा, प्रत्येक वेळी क्षणभर थांबा. फेटाळली तरी दुसरी पाठवता येते. पण एका तासात सहा पाठवू नका. कोडचंही तसंच आहे. दर वेळी नवा कोड मागवलात की आधीचा बाद होतो, आणि फार वेळा मागवलात तर यंत्र 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' म्हणून दार लावतं. एक अर्ज टाका आणि उत्तराची वाट बघा. हे फार जड जातं, मला माहीत आहे.

पैसे भरून 'मेटा व्हेरिफाइड' घेतलं की माणसाशी चॅट करता येतं, असं कुणी सुचवेल. चॅट मिळतं हे खरं, पण ती वर्गणी ज्या खात्यावर घ्यायची तेच हातातून गेलंय. माझ्या मते आत्ता त्यावर खर्च करू नये. तुम्ही कधी जाहिराती चालवल्या असतील तर मात्र बिझनेस हेल्प सेंटरमधलं चॅट बघा. जाहिरातदाराशी बोलायला तिथे माणूस भेटू शकतो.

हे सगळं चालू असताना समांतर रस्ता पहिल्याच आठवड्यात धरा. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे अशा मोठ्या कंपन्यांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. त्याच्यापर्यंत जायचा अर्ज इन्स्टाग्रामच्या मदत केंद्रात असतो. मूळ नियमात २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. मुदती दुरुस्त्यांनी बदलतात, अर्ज कराल त्या दिवशीचा नियम वाचा. चोर तुमच्या नावाने, तुमच्या फोटोसह लोकांशी बोलतोय, हे तोतयेगिरीत येतं आणि त्यासाठी मुदत वेगळी, बरीच कमी आहे. म्हणून अर्जात 'हॅक' एवढंच लिहू नका, 'माझ्या नावाने तोतयेगिरी चालू आहे' हेही स्पष्ट लिहा. जुनं आणि नवं यूझरनेम, ईमेल बदलल्याची तारीख-वेळ, चोराच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, आणि मागणी एका ओळीत: खातं मूळ ईमेलवर परत द्यावं. चोराला शिक्षा करा वगैरे तिथे नको, ते त्यांचं काम नाही.

उत्तर बहुधा साचेबंद येतं, 'अमुक लिंकवर जा' एवढंच. लोक वैतागून ते पत्र पुसतात. पुसू नका. त्यांनी तुमचं काम केलं नाही याचा पुरावा तुमच्या हातात तेवढाच असतो. त्यावर तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ही केंद्र सरकारची समिती, २०२३ पासून चालू, सगळं काम ऑनलाइन, जीएसी डॉट गव्ह डॉट इन वर. अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं. साचेबंद उत्तर हेच उत्तर धरा आणि त्याच तारखेपासून दिवस मोजा. मुदतीत उत्तर आलंच नाही तरी अपील करता येतं, तेव्हा पोचेचा क्रमांक जोडा.

पोलिसांकडेही जाच. आधी सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर समाजमाध्यमांच्या गुन्ह्यांखाली प्रोफाइल हॅकिंगची तक्रार नोंदवा. तिचा क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, हा गैरसमज फार आहे. कुणा गिऱ्हाइकाने चोराला पैसे पाठवले असतील तर त्याने लगेच १९३० ला फोन करावा, तासाभराचा उशीरही महागात पडतो. पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही' म्हणतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात) माहिती हद्द न बघता घ्यावी लागते. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६-सी आणि ६६-डी लिहा. पहिलं दुसऱ्याची ओळख वापरण्याचं, दुसरं तोतयेगिरीने फसवण्याचं. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय उठू नका. मला ज्या कार्यालयाने फोन फॉरमॅट करायला लावला तिथून मी शिक्का न घेता परतले, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी "आधी कुठे तक्रार केली होती, त्याची पोच?" हाच प्रश्न. एका शिक्क्यासाठी माणसाला तीन-तीन हेलपाटे घालायला लावणं हा अन्याय आहे. तिथे येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याचा धंदा बंद पडलेला असतो. कागद घेऊन शिक्का मारायला दोन मिनिटं लागतात हो.

जाहिरातींसाठी कार्ड जोडलेलं असेल तर ते आजच बँकेत ब्लॉक करा. चोर तुमच्या कार्डावर स्वतःच्या जाहिराती चालवतात. अनोळखी व्यवहार दिसला तर तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात चूक तुमची नसेल तर एवढ्या मुदतीत कळवणाऱ्यावर भुर्दंड नाही असं म्हटलं होतं; आत्ताचा नियम बँकेत विचारून घ्या.

खातं हाती आलं की लगेच पोस्ट टाकायला धावू नका. आधी सेटिंगमधलं अकाउंट्स सेंटर उघडा. टू-फॅक्टरमध्ये चोराचं ॲप किंवा नंबर राहिलेला असतो, तो काढा. मग जोडलेली खाती बघा. चोर स्वतःचं एखादं इन्स्टाग्राम खातं तुमच्या फेसबुकला जोडून ठेवतो. ते नियमभंगासाठी बंद पडलं की त्याच्यासोबत तुमचं फेसबुकही बंद होतं आणि तुम्ही कधी न पाहिलेल्या खात्याबद्दल अपील करत बसता. असं झालंच तर अपिलाला १८० दिवस असतात, नंतर खातं कायमचं जातं. शेवटी टू-फॅक्टरचे बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना चालणारे) कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवा, फोनच्या गॅलरीत नको. आणि खात्याला जोडलेलं सिम चालू ठेवा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे.

आता मला तीन गोष्टी कळवा. खात्यावर तुमचा चेहरा दिसणारा एक तरी फोटो आहे का, ईमेल बदलल्याचं पत्र ट्रॅशमध्ये सापडलं का, आणि पहिल्यांदा खातं काढलं तो फोन अजून घरात आहे का. त्यावरून आधी कोणता अर्ज टाकायचा ते सांगते. आणि भाच्याला आत्ताच फोन करा.