गणित सोडू का, असं विचारलंस म्हणून

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘सर, अकरावीला सायन्स घ्यायचं ठरलंय. पण गणित सोडू का? ताई म्हणते सोड, मामा म्हणतात डिप्लोमाला जा, बाबा म्हणतात सरांना विचार.’ एका ओळीत घरातली अख्खी बैठक आली! फोनवर सांगितलं असतं तर निम्मं विसरली असतीस, म्हणून लिहून पाठवतोय. बाबांनाही वाचायला दे, कारण यातली बरीच कामं त्यांच्याच अंगावर पडणार आहेत.

आपल्याकडे आधी कॉलेज ठरतं, कारण मैत्रिणी तिथे जाणार असतात. मग कॉलेज देईल ते विषय घेतले जातात, आणि बारावीनंतर कशाला पात्र आहोत ते शोधणं सुरू होतं. शिष्यवृत्तीची आठवण तर फी भरायच्या खिडकीवर होते. तू उलट्या टोकाकडून ये. बारावीनंतर कुठे कोणते विषय मागतात आणि पैसे कोणत्या अटीवर मिळतात हे आधी बघ. मग विषय ठरव, आणि कॉलेज सगळ्यात शेवटी.

आता गणित. गणित सोडलंस की इंजिनिअरिंग गेलं. आर्किटेक्चरही गेलं. एनडीएची परीक्षा मुलींना आता देता येते, पण तिथे नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. मर्चंट नेव्हीचंही तेच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट.ला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीला, जायचं मनात आलं, तर तिथेही गणित हवंच. उलट बायॉलॉजी सोडलीस तर एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, व्हेटर्नरी, बी.एस्सी. नर्सिंग गेलं. बी.फार्म. आणि बी.एस्सी. ॲग्री मात्र गणिताच्या किंवा बायॉलॉजीच्या, कुठल्याही ग्रुपवर होतं. हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. फार्मसीला जायचंय म्हणून गणित सोडणारी मुलं दरवर्षी दिसायची. फार्मसीसाठी ते सोडायची गरजच नव्हती.

तुला गणितात ७९ आहेत आणि विज्ञानात ९१, म्हणून गणिताची धास्ती बसलीय. पण तुला छळलं ते भूमितीच्या सिद्धतांनी. अकरावी-बारावीचं गणित निराळं आहे. त्रिकोणमिती, सारणी (मॅट्रिक्स), सदिश (व्हेक्टर), कलन (कॅल्क्युलस), संभाव्यता. त्यातलं निम्मं फिजिक्सच्या तासाला तसंही येतंच. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे नीटच्या ७२० गुणांत १८० गुण फिजिक्सचे असतात, आणि ती गणितं लॉगरिदम आणि सदिश आल्याशिवाय सुटत नाहीत. तू गणित सोडलंस तरी फिजिक्स तुला ते सोडू देणार नाही. डॉक्टरच व्हायचं, दुसरं काही नको, असं पक्कं ठरलं असेल तर भाग वेगळा. तुझं तसं ठरलेलं नाही. मेसेजमध्ये एकदाही डॉक्टर शब्द नाही, तो ताईच्या बोलण्यात आहे.

म्हणून माझं मत: चारही घे. पीसीएमबी. बारावी सायन्सला एकंदर सहा विषयांच्या जागा असतात. इंग्रजी सक्तीचं. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायॉलॉजी मिळून पाच झाले. सहाव्या जागी मराठी, हिंदी किंवा दुसरी एखादी भाषा, नाहीतर तिच्याऐवजी आयटी. आयटीत मार्क मिळतात म्हणून सगळे तिकडे धावतात. मिळतात, खोटं नाही. पण तुझं मराठी चांगलं आहे, तुला मराठीतही मिळतील. दोन्हींपैकी काहीही घे, त्यावर फार डोकं शिणवू नकोस.

डोकं शिणवायचं ते बायफोकलवर, म्हणजे दोन विषयांच्या जागी घ्यायच्या व्यावसायिक विषयावर. कॉलेजवाले ‘कम्प्युटर सायन्स घ्या, दोनशे मार्कांचं आहे, निम्मं प्रॅक्टिकल, स्कोअर होतो’ म्हणून सांगतील. खरं आहे ते. पण बायफोकल दोन जागा खातं. भाषेची एक, आणि दुसरी बहुधा बायॉलॉजीची. म्हणजे इंजिनिअरिंगच करायचं ठरलेल्यांसाठी ते उत्तम, आणि तुझ्यासारख्या न ठरलेल्यांसाठी घाईचं. शिवाय त्याची फी वेगळी असते, तीही विचारून घे.

चार विषयांचं ओझं होतं हे मला माहीत आहे. प्रॅक्टिकलच्या वह्या वाढतात, दुपारच्या बॅचेस वाढतात. सहामाहीपर्यंत चारही ओढ. तोवर तुलाच कळेल की रात्री थकल्यावर कोणतं पुस्तक उघडावंसं वाटतं आणि कोणतं नाही. विषय कमी करायची शेवटची मुदत कधी असते ते प्रवेश घेतानाच ऑफिसात विचारून ठेव. बारावीच्या परीक्षेचा फॉर्म गेला की मग काही करता येत नाही.

अकरावीला विश्रांती वर्ष समजणारे पुष्कळ भेटतील. अकरावीचे मार्क बारावीच्या मार्कलिस्टवर येत नाहीत, म्हणून हा समज. राज्याच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, वीस टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, आणि जेईई (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा) आणि नीटला तर अकरावी-बारावी असा भेदच नाही. सीईटीच्या पीसीएम पेपरात गणिताच्या पन्नास प्रश्नांना दोन-दोन गुण आहेत, म्हणजे दोनशेपैकी शंभर गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पीसीएमबी घेतलेलीला पीसीएम आणि पीसीबी दोन्ही सीईटी देता येतात.

सीईटीवरच प्रवेश असेल तर बोर्डाच्या मार्कांना कोण विचारतं, असंही ऐकशील. विचारणारे आहेत. जेईई ॲडव्हान्स्डमध्ये रँक आला तरी आयआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के मुलांत, असणं लागतं, आणि त्या टक्क्यांत इंग्रजीही धरतात. बी.एस्सी.ला मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांची. ती मुख्यतः बोर्डात वरच्या एक टक्क्यात येणाऱ्यांना मिळते. केंद्राचीच दुसरी एक आहे, पदवीला वर्षाला १२ हजार रुपये देणारी. तिथे बोर्डाच्या निकालात ८० पर्सेंटाइलच्या वर असावं लागतं आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. ती घेतली तर सरकारची दुसरी फी माफी सोबत घेता येत नाही, म्हणून दोन्हींचे आकडे शेजारी लिहून कुठली घ्यायची ते तेव्हा ठरवू.

आता कॉलेज. इथे जरा हळू वाच.

तुला आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती लागली, नववी-दहावीला वर्षाचे १२ हजार आले. ती बारावीपर्यंत चालते, पण आपोआप नाही. दहावीला ६० टक्के लागतात, ते तुझे झाले. दुसरी अट अशी की कॉलेज सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेचं किंवा अनुदानित असावं. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे फीवरच चालणाऱ्या, कॉलेजात नाव घातलंस की दोन वर्षांचे २४ हजार गेले. मामांच्या सांगण्यावरून डिप्लोमाला गेलीस तरी गेलेच. आता यातली खोच बघ. तालुक्याच्या एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत, अनुदानित तुकडी असते आणि विनाअनुदानितही. शिक्षक बऱ्याचदा तेच, प्रयोगशाळा तीच. फीच्या पावतीत मात्र हजारांचा फरक. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. ऑनलाइन प्रवेशाच्या यादीत कॉलेजच्या नावापुढे अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित असं लिहिलेलं असतं. पसंतीक्रम भरताना नाव बघून टिक करू नकोस, तो शब्द बघून कर.

पसंतीक्रम दहापर्यंत देता येतात. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून ‘लागतंय का बघू’ म्हणून पहिल्या नंबरला शहरातलं मोठं कॉलेज टाकायचं आणि लागल्यावर खोली कुठे, मेस कुठे म्हणून रडायचं, हे नको.

मामांचा डिप्लोमा वाईट नाही. तीन वर्षं पॉलिटेक्निक, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हाताने काम करायची आवड असेल आणि कमाई लवकर हवी असेल तर मी स्वतः मुलांना तिकडे पाठवलं आहे. फक्त तो रस्ता पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाखा ठरवायला लावतो. तुझं आत्ता कुठे फक्त सायन्स ठरलंय.

आणि क्लास. लातूरला पाठवू का, असं बाबांनी मला मागेच विचारलं होतं. लातूरची शिस्त खरी आहे, मी ती पाहिली आहे. माझा राग आहे तो टाय-अपवर, म्हणजे नाव एका कॉलेजात, पोरगी दिवसभर दुसऱ्या गावच्या क्लासात, आणि लांबी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर पहिल्यांदा हातात येतो तो प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी. त्याची शून्य त्रुटी धन की ऋण, हे विचारलं की मान खाली. क्लासच्या जाहिरातीतली ‘१०० टक्के स्कॉलरशिप’ ही त्यांच्याच वाढवलेल्या फीवरची सूट असते. तिला शिष्यवृत्ती म्हणू नये. ती कापल्यावर हातातून किती जाणार, एवढंच बाबांनी विचारावं.

आता बाबांनी वाचायचा भाग. जातीचा दाखला आहे, तो पुरत नाही. ओबीसीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांचा प्रस्ताव कॉलेजच्या पत्रासह जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो. सगळे बारावीच्या निकालानंतर पळतात, तेव्हा समितीच्या जिन्यावर उभं राहायला जागा नसते. अकरावीच्या दिवाळीत प्रस्ताव दाखल करा.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. बाबांनी गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन जुनं जनरल रजिस्टर बघावं. ती पानं कडेला तपकिरी झालेली असतात, शाई पसरलेली असते, आणि घोळ नेमका नावात असतो. रजिस्टरला ‘रामा’, सातबाऱ्यावर ‘रामचंद्र’, बाबांच्या दाखल्यावर ‘रामभाऊ’. तिघं एकच, हे तुम्हाला माहीत आहे, समितीला नाही. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागतं, वंशावळ जोडावी लागते. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत पणजोबांचं नाव शोधायचं. चुलत्यांपैकी कुणाची वैधता आधी झाली असेल तर काम पुष्कळ हलकं होतं, तेवढं भाऊबंदकी विसरून विचारा. बांधाचं भांडण बांधावर ठेवा.

नॉन क्रिमिलेअरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, आत्ता घाई नको. प्रवेशाच्या वर्षी, पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. उत्पन्नाचा दाखला तसाच, त्या-त्या वर्षी नवा. अधिवास प्रमाणपत्र मात्र आत्ताच सेतूत काढून ठेवा, तो एकदाचा खर्च.

खात्याचंही बघा. शिष्यवृत्तीचे पैसे थेट आधारवर येतात, आणि ते फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही. आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं तिथे जातात. मध्ये कुणी गावात येऊन नवीन खातं उघडून दिलं असेल, तर पैसे तिथे पडलेले असतात आणि तुम्ही महाडीबीटीला, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलला, शिव्या घालत बसता. मार्कलिस्टवरचं आणि आधारवरचं नाव अक्षराअक्षराने जुळतं का, तेही पाहा.

हे सगळं कशासाठी, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयासाठी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खासगी कॉलेजातसुद्धा. अट एकच मोठी: प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांत गेलीस तरी नाही. ‘कॅपची वाट कशाला बघता, आजच सीट बुक करा’ म्हणणारा एजंट बारावीच्या जूनमध्ये दारात येईलच. त्याला चहा द्या, चेक देऊ नका. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे या माफीत येत नाही, त्याची तजवीज वेगळी लागेल.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन घरी ये. येताना मार्कलिस्टच्या चार झेरॉक्स, एनएमएमएसचा जुना अर्ज क्रमांक आणि मनात असलेल्या कॉलेजांच्या माहितीपुस्तिका आण. पसंतीक्रम इथेच बसून भरू. आणि मामांनाही घेऊन ये, नाहीतर ते नंतर तुझ्या बाबांना ऐकवत बसतील.

तुझे,
सर