ऱ्हुमॅटॉइड संधिवात: नव्या औषधांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: नवं औषध यायला इतकी वर्षं का लागतात? दुखणं तर आजचं आहे.

उत्तर: तुमची तगमग रास्त आहे. पण मधल्या वर्षांत काय घडतं ते पाहा. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या चमूने रुग्णांच्या सांध्यांतल्या अस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्या पेशी दाह वाढवणारी कितीतरी रसायनं सोडत होत्या. त्यातल्या टीएनएफ या एकाला अडवलं, तर इतरही ओसरली! १९९२ मध्ये असं औषध पहिल्या रुग्णांना दिलं. सूज उतरली, पण काही आठवड्यांनी दुखणं परतलं. म्हणजे ते पुन्हापुन्हा द्यावं लागणार, आणि तसं दिलं तर सुरक्षित आहे का, हे तपासणं आलंच. अमेरिकेत या गटातलं पहिलं औषध संधिवातासाठी मंजूर झालं ते १९९८ मध्ये.

घाई केली तर काय होतं, हे २००६ मध्ये लंडनमध्येच दिसलं. टीजीएन१४१२ हे औषध प्राण्यांवरच्या चाचण्यांत निर्धोक ठरलं होतं. सहा निरोगी स्वयंसेवकांना ते काही मिनिटांच्या अंतराने टोचलं आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सुदैवाने सगळे वाचले. आता नवं औषध आधी एकालाच देऊन थांबतात. हा उशीर मला मोलाचा वाटतो.

प्रश्न: चाचणीच्या बातमीत ‘एसीआर२०’ असतं, ते काय?

उत्तर: दुखरे सांधे आणि सुजलेले सांधे, दोन्हींची संख्या किमान २० टक्के घटणं, शिवाय वेदना, हालचाल, रक्तातला दाह अशा पाच निकषांपैकी तिघांत तेवढीच सुधारणा. हा उंबरठा खालचाच आहे. बातमीत एसीआर५० आणि एसीआर७०, म्हणजे ५० आणि ७० टक्के सुधारणेचे आकडेही शोधा.

प्रश्न: इंजेक्शनपेक्षा नव्या गोळ्या बऱ्या ना?

उत्तर: सरसकट नाही. टोफासिटिनिब ही त्यातलीच एक गोळी अमेरिकेत २०१२ मध्ये आली. पुढे पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत टीएनएफ रोखणाऱ्या औषधांपेक्षा त्यात हृदयविकार आणि कर्करोग जास्त आढळले. धूम्रपान, वय, आधीचे आजार डॉक्टरांना जरूर सांगा.

प्रश्न: नवं औषध येईपर्यंत मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची नेहमीची गोळी थांबवू का?

उत्तर: कृपा करून मनाने थांबवू नका. तोवर सांधे झिजू शकतात, आणि झिजलेलं हाड पूर्ववत करणारं औषध अजून नाही. त्रास होत असेल तर डॉक्टर मात्रा बदलतील, फॉलिक अ‍ॅसिड देतील. आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; चुकून रोज घेतल्याने जीव गेले आहेत. घेण्याचा वार पाकिटावर ठळक लिहून ठेवा.