जुन्या जपानी मुलांच्या नकाशाचा स्कॅन घ्यावा का?

प्रश्न: ताई, जपानमध्ये पूर्वी मुलांसाठी छापलेले चित्रांचे नकाशे असायचे ना, त्यांचे डिजिटल स्कॅन ऑनलाइन विकायला दिसतात, मला एक ए3मध्ये प्रिंट करून मुलीच्या खोलीत लावायचाय, घेताना काय बघू?

उत्तर: पैसे भरायच्या आधी जपानच्या नॅशनल डाएट लायब्ररीचं, म्हणजे तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाचं, डिजिटल कलेक्शन आणि डेव्हिड रम्सी मॅप कलेक्शन बघाच, तिथं कितीतरी जुने नकाशे फुकट डाउनलोड होतात. विकतच घ्यायचा तर आधी पिक्सेल विचारा, ए3ला 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, साधारण 3500 बाय 4960 लागतात, फारच कमी असतील तर गावांची बारीक नावं फुटतात. मला स्वतःला सुगोरोकू फार आवडतात, म्हणजे फासे टाकून खेळायचे पट, मुलांच्या मासिकांच्या नववर्ष अंकासोबत यायचे, आणि त्याहून जुन्या काहींत तर एदोच्या, म्हणजे आताच्या टोकियोच्या, निहोनबाशी पुलापासून क्योतोपर्यंत तोकाइदो रस्त्याचे 53 मुक्काम एकेका घरात काढलेले, बघत बसावं असे! 1945च्या आधीच्या नकाशात कोरिया नि तैवान बऱ्याचदा जपानच्याच रंगात दिसतात, तेव्हा तिथं जपानची सत्ता होती हे मुलीला सांगा. आणि घडीच्या खुणा पुसून चकाचक केलेला स्कॅन नकोच, पुसताना बारीक रेषा नि अक्षरंही जातात.