ओकायामात एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून रुळताना: कागदपत्रे, वर्ग, जेवण आणि ओळखी

आपण विचारले आहे की, पुण्यात जपानी शिकून एन-३ (जपानी भाषा परीक्षेची मधली पातळी) उत्तीर्ण झाल्यावर ऑक्टोबरपासून एका वर्षासाठी जपानमधील ओकायामा विद्यापीठात एक्स्चेंजवर जायचे आहे. तर पोहोचल्यावर आधी काय करावे, जपानीतून चालणारे वर्ग कळतील का, शाकाहारी माणसाचा निभाव कसा लागतो आणि जपानी मित्रमैत्रिणी खरोखर होतात का. मी याच विद्यापीठात एक्स्चेंजवर होते, आता जपानमध्येच नोकरी करते आणि भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संपर्कात असते. त्या अनुभवावरून सांगते की आपला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याची तयारी पहिल्याच आठवड्यात करावी लागते.

कागदपत्रांची धास्ती बाळगू नका, कारण त्या कामांत विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विभाग आणि नेमून दिलेला विद्यार्थी-ट्यूटर आपल्यासोबत असतात. कान्साई किंवा नारितासारख्या मोठ्या विमानतळावर उतरताच रेसिडेन्स कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र, हातात मिळते. अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्जही तिथेच देता येतो. तो भरून सोबत न्यावा, म्हणजे पुढे इमिग्रेशनच्या कार्यालयात हेलपाटा पडत नाही. राहण्याचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसमध्ये, म्हणजे त्सुशिमा कॅम्पसच्या आसपास राहणाऱ्यांनी किता वॉर्डच्या कार्यालयात, पत्ता नोंदवायचा असतो. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंदणी होते. या विम्यामुळे दवाखान्याच्या बिलाचा ३० टक्के भाग आपण भरायचा असतो, आणि आदल्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न नसल्याने विद्यार्थ्यांचा हप्ताही कमी बसतो. वीस वर्षे पूर्ण झाली असतील तर राष्ट्रीय पेन्शन योजनाही लागू होते; हप्ता परवडणारा नसेल तर सवलतीचा किंवा माफीचा अर्ज त्याच खिडकीवर मागून घ्यावा. पेन्शनची पाकिटे न उघडता खणात टाकून देऊ नयेत.

एका गोष्टीकडे मात्र मराठी विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे, ती म्हणजे नाव. आपल्यापैकी अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे नाव असते, आणि पासपोर्टवर जे आहे तेच रेसिडेन्स कार्डावर छापले जाते. बँक, विमा, मोबाइल आणि शिष्यवृत्ती या प्रत्येक ठिकाणी मात्र तेच लांबलचक नाव काताकानात, म्हणजे परकी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहून द्यावे लागते. ‘कुलकर्णी’ लिहिताना शेवटच्या अक्षरापुढे दीर्घ स्वराची आडवी रेघ द्यायची की नाही, ‘देशपांडे’मधला ‘श’ कसा लिहायचा, वडिलांचे नाव आधी की नंतर, हे भारतातच ठरवून एका कागदावर सुवाच्य लिहून ठेवा आणि सगळीकडे अक्षरशः तेच उतरवा. बँकेच्या खात्यावरचे काताकाना नाव आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावरचे नाव यांत एका रेघेचा जरी फरक पडला तरी पैसे खात्यात जमा होण्यास अडचण येते. शिष्यवृत्तीची पहिली रक्कम पोहोचताक्षणी मिळत नाही, त्यामुळे पहिल्या महिन्या-दीड महिन्याचा खर्च भागेल इतके येन सोबत असावेत.

आता वर्गांविषयी. एन-३ वरून थेट विषयाच्या व्याख्यानात जाऊन बसलात तर पहिले काही आठवडे अवघड जातील, हे मनाशी धरून चला. परीक्षेतील ऐकण्याचा भाग सावकाश आणि स्वच्छ उच्चारांत असतो. प्राध्यापक मात्र फळ्याकडे तोंड करून, वाक्ये अर्धवट सोडत आणि मधूनच बोलीवर येत बोलतात. म्हणून पहिल्या सत्रात भाषेच्या वर्गांखेरीज जपानीतून शिकवले जाणारे एक किंवा फार तर दोनच विषय घ्यावेत, आणि ते असे निवडावेत की ज्यांतील आशय आपल्याला आधीच ठाऊक आहे. भाषाविज्ञान शिकला असाल तर भाषाविज्ञान घ्या. भारतीय इतिहासावर किंवा बौद्ध धर्मावर व्याख्यानमाला असेल तर ती अवश्य घ्या. आशय माहीत असला की अनोळखी शब्दाचा अर्थ आपोआप लागत जातो, आणि शिकायला आलो आहोत ती भाषा खऱ्या अर्थाने तिथे वाढते. अभ्यासक्रमाची सविस्तर माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधीच पाहता येते. ती निघण्यापूर्वी वाचून त्यातील पारिभाषिक शब्दांची यादी करून ठेवा.

अनेक प्राध्यापक तासाच्या शेवटी एक छोटा कागद वाटतात किंवा ऑनलाइन फॉर्म उघडतात, आणि त्यावर विद्यार्थ्यांनी त्या दिवशीच्या विषयाबद्दल चार ओळी लिहायच्या असतात. त्याला तिकडे ‘रिॲक्शन पेपर’ म्हणतात आणि बहुतेक मुले हजेरीपुरते काहीतरी खरडून देतात. आपण तसे करू नका. वर्गात हात वर करून बोलायला जपानी विद्यार्थीही कचरतात, तेव्हा परदेशी विद्यार्थ्याला प्राध्यापकांशी बोलण्याची ती सर्वांत मोकळी वाट आहे. काय कळले, काय निसटले आणि आपल्याकडे ती गोष्ट कशी आहे, एवढे दर आठवड्याला मनापासून लिहा, व्याकरणाच्या चुका झाल्या तरी चालतील. माझ्या एका प्राध्यापकांनी पुढच्या तासाच्या सुरुवातीला माझ्या कागदावरचा प्रश्न वाचून दाखवला आणि त्यावर बोलले. त्यानंतर शेजारी बसणाऱ्या मुली स्वतःहून माझ्याशी बोलू लागल्या.

सेमिनार, ज्याला तिथे ‘झेमी’ म्हणतात, त्यात बसण्याची परवानगी मिळाली तर ती संधी सोडू नये. तिथे मोजके विद्यार्थी एका टेबलाभोवती बसतात, आळीपाळीने विषय मांडतात आणि त्यासाठी छापील टिपणे वाटतात. परवानगी इ-मेलने मागावी. इ-मेलच्या विषयाच्या ओळीत आपण कोण आणि काम काय ते यावे. मजकुरात आधी प्राध्यापकांचे आडनाव आणि ‘सेन्सेई’, मग आपला विभाग आणि नाव, मग नेमकी विनंती असावी. विनंतीला पाल्हाळ नको. झेमीत मांडणी संपल्यावर जी शांतता पसरते तिने घाबरून जाऊ नका, ती तिथली रीत आहे. एखादा प्रश्न आधीच जपानीत लिहून न्या, कारण ‘भारतात हे कसे असते?’ अशी विचारणा करत प्राध्यापक आपल्याकडे वळतील, हे जवळजवळ नक्की आहे.

मैत्रीविषयी बोलताना जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, हे लक्षात घ्यावे लागते. नव्या विद्यार्थ्यांना बोलावून घेण्याची सगळी धामधूम क्लब आणि सर्कल (विद्यार्थ्यांची छंदमंडळे) एप्रिलमध्येच करतात. आपण ऑक्टोबरमध्ये पोहोचाल तेव्हा कँटीनमधली टेबलेसुद्धा ठरून गेलेली असतात आणि आपल्याला कोणी शोधत येणार नाही. त्यात त्या मुलांचा रुक्षपणा नसतो; त्यांची घडी बसलेली असते एवढेच. म्हणून पहिल्याच आठवड्यात ट्यूटरला सर्कलची यादी विचारा आणि एकच निवडा. ‘बु’ म्हणवणाऱ्या क्लबांत सराव जवळजवळ रोज असतो आणि सेम्पाई-कोहाईची, म्हणजे ज्येष्ठ-कनिष्ठ विद्यार्थ्यांची, शिस्तही कडक असते. एक वर्षाच्या विद्यार्थ्याला आठवड्यातून एक-दोनदा भेटणारे सर्कल अधिक सोयीचे. चहासमारंभ, गाणे, बॅडमिंटन, काहीही चालेल. दर आठवड्याला न चुकता जाणे मात्र हवे. शरद ऋतूत विद्यापीठांचे महोत्सव भरतात. त्यांच्या तयारीत उशिरापर्यंत थांबून पाट्या रंगवणे, सामान वाहणे ही कामे आपणहून अंगावर घ्या. ओळखी तिथे होतात.

विद्यापीठात ‘एल-कॅफे’ नावाची भाषा-गप्पांची जागा आहे आणि ती चांगली आहे. मात्र तिथे येणाऱ्या पुष्कळ जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजीचा सराव हवा असतो, हे ओळखून अर्धा वेळ इंग्रजी आणि अर्धा वेळ जपानी असे आधीच ठरवून घ्यावे. व्हॉट्सॲप तिथे फारसे कोणी वापरत नाही. ‘लाइन’ या संदेशांच्या ॲपवर खाते उघडा. ‘कधीतरी जेवायला जाऊ’ असे कोणी म्हणाले तर ते आमंत्रण समजून वाट पाहत बसू नका. दोन दिवसांनी वार आणि वेळ सुचवून आपणच संदेश पाठवा. वर्गमित्र आपापसांत ओकायामाची बोली बोलतात आणि तिची वाक्ये पाठ्यपुस्तकातील वाक्यांसारखी संपत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला आपलेच जपानी कच्चे आहे असे वाटू लागते. महिन्याभरात कान तयार होतो.

स्वतःची ओळख करून देण्याचा प्रसंग सर्वत्र येईल, आणि तिथे पुण्याचा एक खरा धागा आपल्या हाती आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असून ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. १७०० साली पूर्ण झालेली कोराकुएन जपानच्या तीन नामांकित बागांत गणली जाते आणि ओकायामाच्या लोकांना तिचा फार अभिमान आहे. त्यांच्या बागेचे रूप पुण्यात आहे हे अनेकांना ठाऊक नसते. निघण्यापूर्वी तिथे जाऊन फोनमध्ये चांगली छायाचित्रे घेऊन ठेवा.

शाकाहाराचा निभाव लागतो, पण तो स्वतःच्या स्वयंपाकघरातून लागतो. मांस दिसते आणि टाळता येते. अडचण असते ती ‘दाशी’ या रश्श्याची, जो बहुधा वाळवलेल्या बोनितो माशापासून करतात. तो उदोन या जाड शेवयांच्या सूपमध्ये, मिसो सूपमध्ये, उकडलेल्या भाज्यांत, इतकेच काय नात्तो या आंबवलेल्या सोयाबीनसोबतच्या छोट्या पुडीतही असतो. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या सक्तीच्या सूचनेत अंडे, दूध, कोळंबी, खेकडा यांचा उल्लेख असतो. माशाच्या रश्श्याची मात्र तिथे सक्ती नाही, म्हणून घटकांची पूर्ण यादी वाचायला शिकावे. मांस, डुक्कर, गाय, कोंबडी, मासा, बोनितो आणि अंडे यांची कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरे, निघण्यापूर्वी ओळखता यायला हवीत. घरी कोम्बू या समुद्री वनस्पतीची दाशी करता येते, तोफू स्वस्त आहे, तांदूळ उत्तम आहे, आणि डाळी हलाल दुकानांत किंवा ऑनलाइन भारतीय किराण्यात मिळतात. भारतातून कच्ची कडधान्ये किंवा ताजा कढीपत्ता नेऊ नका. त्यांना वनस्पती-तपासणीचे प्रमाणपत्र लागते. दुकानातील हवाबंद पाकिटातला गोडा मसाला न्यावा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एका महिन्यापुरतीच सहज नेता येतात, त्याहून अधिक असतील तर आधी परवानगी काढावी लागते. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून अधिक असेल तर त्या नेण्यास बंदीच आहे.

ओकायामा सपाट आहे, म्हणून सायकल घ्याच, पण दुकानातच तिची चोरीप्रतिबंधक नोंदणी करून घ्या. हातात फोन धरून सायकल चालवणे हा दंडनीय गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२४ पासून त्याची शिक्षा वाढली आहे. दुसरी गोष्ट ओकायामाची खास: रस्त्याच्या कडेने शेतीच्या पाण्याचे कालवे जातात आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना कठडा नाही. रात्री अनोळखी गल्लीतून जाताना दिवा लावा आणि वेग कमी ठेवा.

अर्धवेळ काम आठवड्याला २८ तासांपर्यंत करता येते, लांब सुट्यांत दिवसाला ८ तासांपर्यंत. ही मर्यादा काटेकोर पाळावी, आणि पहिले दोन-तीन महिने तरी काम धरू नये, कारण संध्याकाळ कामात गेली तर सर्कलला वेळ उरत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र सावध राहा. कार्यालये आणि बँका साधारण ३ जानेवारीपर्यंत बंद असतात, जपानी विद्यार्थी आपापल्या गावी जातात, वसतिगृह ओस पडते, आणि आधीच दिवाळी एकट्याने काढलेली असते. त्या आठवड्याचा बेत नोव्हेंबरमध्येच करा, आणि रोख पैसे आधी काढून ठेवा.

झेमीच्या परवानगीसाठी इ-मेलचा मसुदा तयार केलात तर नाव-पत्ता काढून तो इथेच टाका. मी वाचून दुरुस्त्या सुचवीन.