भाचीच्या लग्नात दुकानाचं गिफ्ट कार्ड द्यावं की रोख आहेर?

रोखच द्या. तुम्ही लिहिलंय की भाची सासरी यावल तालुक्यातल्या खेड्यात जाणार आणि कार्ड जळगावच्या मोठ्या शोरूमचं आहे. म्हणजे ते वापरायला तिला एक दिवस मोडून, बसभाडं खर्चून जळगाव गाठावं लागेल.

माझ्या बहिणीला असंच दोन हजारांचं कार्ड मिळालं होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आली तेव्हा आम्ही ते घेऊन दुकानात गेलो, तर मुदत संपलेली. बहीण काउंटरवर कार्ड उलटंपालटं करत उभी राहिली, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मुदत शिल्लक असली तरी अशा कार्डावरचे पैसे सहसा रोख परत मिळत नाहीत. उरलेल्या शे-दोनशेसाठी नको ती वस्तू घ्यावी लागते.

नवा संसार म्हणजे गॅस, डबे, दवाखाना; तिथे पैसाच कामाचा. रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट घ्या, कोपऱ्याला हळद-कुंकू लावा, नाण्यासकट ११०१ किंवा २१०१ होतील एवढे आत ठेवा. आणि मंडपात आहेर लिहिणाऱ्याकडे न देता तिच्याच हातात द्या. (हे मला फार महत्त्वाचं वाटतं.)

कार्ड घेऊन झालंच असेल, तर मुदतीची तारीख पाकिटावर ठळक लिहा.